सामाईक कोड, सामाईक डेटा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत: सॉफ्टवेअरचे वेगवेगळे भाग पाडल्यानंतर त्या भागांनी एकमेकांचा कोड आणि डेटा कसा वापरावा. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्या वाचकाने अडचण नेमक्या तपशिलांसह मांडली आहे.

प्रश्न: आमचा सहा जणांचा गट पतसंस्थांसाठी जावामध्ये सॉफ्टवेअर तयार करतो. सभासद, ठेवी, कर्जे, पिग्मी आणि लेखा अशी मॉड्यूल्स (सॉफ्टवेअरचे स्वतंत्र भाग) आहेत. सर्वांना लागणारा कोड ‘कॉमन’ या मॉड्यूलमध्ये ठेवला आहे आणि आज तेच सर्वांत मोठे झाले आहे. त्यातली एक ओळ बदलली तरी सगळे सॉफ्टवेअर पुन्हा तपासावे लागते. व्याज काढण्याचे फंक्शनही तेथेच आहे आणि त्याला आता नऊ पॅरामीटर (फंक्शनला पुरवायच्या माहितीच्या बाबी) द्यावे लागतात. दुसरी अडचण अशी, की ठेवतारण कर्जामुळे ठेवींच्या मॉड्यूलला कर्जांचे आणि कर्जांच्या मॉड्यूलला ठेवींचे फंक्शन बोलवावे लागते. यातून मार्ग काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ‘कॉमन’ मोडावे लागेल. मात्र ते एवढे का वाढले हे आधी पाहिले नाही, तर वर्षभरात दुसऱ्या नावाने तेच पुन्हा उभे राहील. ‘ठेवी’ हे नाव आत काय आहे ते सांगते. ‘कॉमन’ हे नाव तो कोड कोणाकोणाला लागतो एवढेच सांगते. ज्या कोडची जागा कोणी ठरवली नाही, तो प्रत्येक कोड अशा ठिकाणी येऊन पडतो आणि त्याची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही.

आपल्या व्याजाच्या फंक्शनकडे पाहू. मुदत ठेवीवरचे व्याज बहुधा तिमाही चक्रवाढीने काढले जाते, त्याचा दर ठेव ठेवलेल्या दिवशी निश्चित होतो, ज्येष्ठ नागरिकाला थोडा अधिक दर मिळतो आणि ठेव मुदतीपूर्वी मोडली तर दर खाली येतो. कर्जावरचे व्याज शिल्लक मुद्दलावर दिवसांच्या हिशेबाने लागते, प्रत्येक हप्त्याच्या तारखेला मुद्दल बदलते आणि थकबाकीवर दंडव्याजाचा प्रश्न येतो. दोन्हीकडे मुद्दल, दर आणि दिवस यांचा गुणाकार आहे, म्हणून सुरुवातीला एकच फंक्शन पुरेसे वाटले असणार. पुढे प्रत्येक नव्या नियमासाठी एक पॅरामीटर वाढत गेला: ठेव आहे का, ज्येष्ठ नागरिक आहे का, थकीत आहे का. नऊ पॅरामीटरच्या या फंक्शनमध्ये आता तीन-चार वेगळी फंक्शने दाटीवाटीने राहत आहेत, आणि ठेवींच्या नियमासाठी केलेला बदल कर्जदाराच्या खात्यात चूक घडवून आणू शकतो, ही यातली खरी काळजीची बाब आहे.

कोणता कोड सामाईक ठेवावा हे ठरवताना आज दोन ठिकाणच्या ओळी सारख्या दिसतात का, हा निकष अपुरा पडतो. उद्या त्या दोन्ही ओळी एकाच कारणाने बदलतील का, हे विचारावे. ठेवींचे व्याजदर ठेवींच्या धोरणामुळे बदलतात आणि कर्जवसुलीचे नियम कर्जांच्या धोरणामुळे. बदलाची कारणे दोन असतील तर कोडही दोन ठिकाणी असू द्यावा, मग काही ओळी पुन्हा लिहाव्या लागल्या तरी चालेल.

ही दृष्टी जुनी आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली लिहिलेल्या एका निबंधात शब्दसूची तयार करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामचे भाग दोन पद्धतींनी पाडून दाखवले होते. पहिल्या पद्धतीत कामाचा प्रत्येक टप्पा हे एक मॉड्यूल होते: वाचणे, फिरवणे, क्रम लावणे, छापणे. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक मॉड्यूलने एकेक निर्णय स्वतःच्या पोटात झाकून ठेवला होता. उदाहरणार्थ, ओळी मेमरीत कशा साठवायच्या हा निर्णय. साठवण्याची पद्धत बदलायची ठरली, तर पहिल्या रचनेत जवळजवळ प्रत्येक मॉड्यूलला हात लावावा लागत होता आणि दुसऱ्या रचनेत फक्त एकाला. आपल्या गटातील सर्वांनी तो निबंध वाचावा, असे मी आग्रहाने सुचवीन. अर्धशतक उलटले तरी त्यातले विवेचन आजच्या कामाला लागू पडते.

मग ‘कॉमन’मध्ये काही उरते का? उरते, आणि ते मोलाचे असते. रक्कम दर्शवणारा प्रकार हा त्यातला पहिला. रक्कम फ्लोट (दशांश संख्या जवळपासच्या किमतीने साठवणाऱ्या) प्रकारात ठेवू नये, कारण ०.१ हा साधा अपूर्णांकही द्विमान पद्धतीत तंतोतंत मांडता येत नाही आणि पैशांची चूक साचत जाते. ती पूर्ण पैशांत किंवा जावाच्या बिगडेसिमल या अचूक दशांश प्रकारात ठेवावी. रुपयापर्यंत पूर्णांक करण्याची रीत, दोन तारखांमधील दिवस मोजण्याची रीत, १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षाचा हिशेब, या गोष्टीही तेथे शोभतात. माझी कसोटी सोपी आहे: ज्या कोडला ‘ठेव’ किंवा ‘कर्ज’ हा शब्द माहीत असावा लागतो, त्याने ‘कॉमन’मध्ये राहू नये. आणि या उरलेल्या भागाला ‘रक्कम’, ‘कालगणना’ अशी नेमकी नावे द्यावीत.

हे काम एका रात्रीत करू नये. व्याजाचे फंक्शन जसेच्या तसे ठेवी आणि कर्जे या दोन्ही मॉड्यूल्समध्ये उतरवून घ्यावे, जुन्या खात्यांवर त्याची उत्तरे पूर्वीप्रमाणेच येतात याची खात्री करावी आणि मग प्रत्येक ठिकाणच्या निरुपयोगी शाखा छाटाव्यात. काही आठवडे एकच कोड दोन ठिकाणी दिसेल. त्याने अस्वस्थ होऊ नये. ठेवींकडील फंक्शनला तीन-चार पॅरामीटर उरले, की ते वाचणाऱ्यालाही समजू लागेल.

ठेवतारण कर्जाचा आपला दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण दोन मॉड्यूल्सचे एकमेकांत अडकणे इतके स्वच्छ क्वचितच दिसते. कर्ज देण्यापूर्वी ठेव किती आहे हे कर्जांना हवे असते आणि ठेव मोडू देण्यापूर्वी तिच्यावर कर्ज आहे का हे ठेवींना हवे असते. अशा वेळी दोघांमधला कोड उचलून ‘कॉमन’मध्ये टाकण्याचा मोह होतो, आपल्याकडेही तसेच झाले असावे. त्याऐवजी पतसंस्थेच्या काउंटरवर प्रत्यक्षात काय घडते ते आठवून पाहा. ठेवीच्या पावतीवर लियनची, म्हणजे ती रक्कम अडकवून ठेवल्याची, नोंद होते, आणि पावती मोडायला आलेल्या माणसाला काउंटरवरचा कारकून ती नोंद पाहूनच थांबवतो. कर्जाची फाइल त्याला उघडावी लागत नाही.

कोडमध्येही हेच करावे. लियन ही ठेवींच्या मॉड्यूलची स्वतःची संकल्पना असू द्यावी. कर्जांचे मॉड्यूल ठेवींना सांगेल, की या पावतीवर इतक्या रकमेचा लियन लावा. कर्ज फिटल्यावर तो काढायलाही सांगेल. ठेव मोडताना ठेवींचे मॉड्यूल फक्त स्वतःकडील लियन पाहील, आणि तो कर्जासाठी लागला की न्यायालयाच्या आदेशाने, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. कर्जांना ठेवी माहीत आहेत, ठेवींना कर्जे माहीत नाहीत, असा एकेरी मार्ग उरला. एक धागा बाकी राहतो: मुदत संपल्यावर ठेवीची रक्कम कर्जखाती वळती करायची असते. त्यासाठी ठेवींच्या मॉड्यूलने ‘अमुक ठेवीची मुदत पूर्ण झाली’ एवढी घोषणा करावी, आणि ती ऐकून काय करायचे हे कर्जांच्या मॉड्यूलने ठरवावे.

या सीमा केवळ फोल्डरच्या नावांनी टिकत नाहीत. कामाच्या घाईत कोणीतरी शेजारच्या फोल्डरमधला क्लास थेट वापरतोच. जावामध्ये २०१७ साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचे कोणते पॅकेज (क्लासचा गट) बाहेर दाखवायचे हे जाहीर करता येते आणि बाकीचे कंपायलरच अडवतो. ती सोय वापरावी. एवढा बदल लगेच शक्य नसेल, तर निदान बाहेर वापरायचे नसलेले क्लास ‘पब्लिक’ करू नयेत.

प्रश्न: आमच्याकडे महाविद्यालयासाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रवेश, शुल्क, परीक्षा आणि ग्रंथालय ही मॉड्यूल्स ‘विद्यार्थी’ हे एकच टेबल थेट वाचतात. प्रवेश विभागासाठी नावाच्या एका रकान्याचे आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव असे तीन रकाने केले, तेव्हा शुल्काच्या पावत्या आणि गुणपत्रिका दोन्ही बिघडल्या. आता वरिष्ठ म्हणतात, की प्रत्येक मॉड्यूलला स्वतंत्र डेटाबेस द्यावा. ते आवश्यक आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: स्वतंत्र डेटाबेसची गरज नाही, प्रत्येक टेबलाला एक मालक असण्याची गरज आहे. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवून दिलेल्या नसतील तर उन्हाळ्यात जे होते, तेच आपल्या ‘विद्यार्थी’ टेबलाचे झाले आहे. ते टेबल प्रवेश मॉड्यूलचे आहे असे ठरवावे, त्यात लिहिण्याचा अधिकार फक्त त्यालाच असावा, आणि इतरांनी विद्यार्थ्याचा क्रमांक तेवढा स्वतःजवळ ठेवून नाव हवे असेल तेव्हा प्रवेश मॉड्यूलच्या फंक्शनला विचारावे. मग नावाचे तीन रकाने होवोत की आईच्या नावाचा चौथा वाढो, ‘गुणपत्रिकेवरील नाव’ हे फंक्शन पूर्वीसारखेच उत्तर देत राहील.

येथे एक सावधगिरी हवी. पाचशे विद्यार्थ्यांची यादी छापताना प्रत्येक नावासाठी एकेकदा विचारले, तर डेटाबेसकडे पाचशे फेऱ्या होतील आणि स्क्रीन रखडेल. म्हणून अनेक क्रमांक एकदम घेऊन सगळी नावे एकदम देणारे फंक्शन सुरुवातीपासूनच ठेवावे. मोठ्या अहवालांसाठी तर मालक मॉड्यूलने एक व्ह्यू (टेबलांतील माहितीचे ठरावीक रकान्यांतले दृश्य) तयार करून तो वाचण्यासाठी खुला करावा. आतले टेबल बदलले तरी व्ह्यूचे रकाने न बदलण्याची हमी त्याच मॉड्यूलने द्यावी. पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली वापरत असाल तर एकाच डेटाबेसमध्ये प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा स्कीमा (टेबलांचा गट) आणि वेगळा वापरकर्ता ठेवता येतो, आणि दुसऱ्याच्या स्कीमात लिहू पाहणाऱ्याला डेटाबेसच नकार देतो.

डेटाबेस वेगळे करण्यातला तोटा वरिष्ठांसमोर जरूर मांडावा. आज शुल्काची जमा आणि पावतीचा क्रमांक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकसंध व्यवहारात) नोंदवले जातात. दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. डेटाबेस दोन झाले की ही हमी जाते आणि पैसे जमा पण पावती नाही, अशी प्रकरणे हाताने निस्तरावी लागतात. ज्या गोष्टी एकत्रच घडायला हव्यात त्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये राहू द्याव्यात. पालकांना जाणारा एसएमएस मात्र थोडा उशिरा गेला तरी चालतो. त्यासाठी ‘पाठवायचे संदेश’ अशा टेबलात त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एक ओळ लिहावी आणि स्वतंत्र प्रक्रियेने ती उचलून संदेश पाठवावा. सर्व्हर मध्येच बंद पडला तरी ती ओळ टिकून राहते. संदेश पाठवल्यानंतर, पण तशी खूण करण्यापूर्वी प्रक्रिया थांबली, तर तोच संदेश दोनदा जाऊ शकतो, एवढे लक्षात ठेवावे.

एकाच माहितीची दुसरी प्रत कधीच नसावी, असेही मानू नका. शुल्काच्या पावतीवर त्या दिवशी छापलेले नाव आणि रक्कम पावतीसोबतच साठवावी. विद्यार्थिनीने पुढे नाव बदलले म्हणून दोन वर्षांपूर्वीची पावती आज वेगळ्या नावाने छापली जाऊ नये. ती प्रत म्हणजे त्या दिवशी काय घडले याचा पुरावा असतो, आणि पुरावा नंतर बदलत नाही. याउलट ग्रंथालयाच्या टेबलात विद्यार्थ्याचा सध्याचा मोबाइल क्रमांक उतरवून ठेवला असेल, तर ती निव्वळ दुबार नोंद आहे आणि ती काढून टाकावी.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. डेटा देताना त्याचा अर्थही द्यावा लागतो. ‘गुण’ या रकान्यात ६२ लिहिलेले आहे. ते शंभरपैकी की ऐंशीपैकी? गैरहजर विद्यार्थ्यासाठी परीक्षा मॉड्यूल उणे एक लिहीत असेल आणि सरासरी काढणाऱ्याला ते माहीत नसेल, तर वर्गाची सरासरी चुकते आणि कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी याच प्रकारच्या चुकीने नष्ट झाले. जमिनीवरील एक प्रोग्राम थ्रस्टरच्या (यानाच्या छोट्या इंजिनांच्या) धक्क्यांचे आकडे पौंड-सेकंदांत लिहीत होता, ते वाचणारा दुसरा प्रोग्राम त्यांना न्यूटन-सेकंद समजत होता, आणि दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक होता. फाइल व्यवस्थित पोहोचत होती, आकडे व्यवस्थित वाचले जात होते. यान मात्र ठरवलेल्या उंचीपेक्षा बरेच खालून मंगळाच्या वातावरणात शिरले. म्हणून दोन मॉड्यूल्समध्ये नुसते आकडे पाठवू नयेत. ‘मिळालेले गुण, पैकी गुण, हजेरी’ असा छोटा प्रकार तयार करून तो पाठवावा, आणि घेणाऱ्याला तो बदलता येऊ नये.

प्रश्न: आमची तीन अ‍ॅप्लिकेशन्स एक सामाईक लायब्ररी वापरतात. एकासाठी ती सुधारली की दुसरे बिघडते. प्रत्येकाला तिची वेगळी प्रत द्यावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: प्रती देऊ नका, आवृत्त्या द्या. लायब्ररीच्या प्रत्येक प्रकाशनाला टिंबांनी जोडलेल्या तीन अंकांचा क्रमांक द्यावा: जुन्या वापरकर्त्याला कोड बदलावा लागणार असेल तर पहिला अंक वाढवावा, नवी सोय वाढली तर दुसरा, फक्त चूक दुरुस्त केली तर तिसरा. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनने कोणती आवृत्ती वापरायची ते नेमके लिहून ठेवावे आणि सवडीने पुढच्या आवृत्तीवर जावे. आपली लायब्ररी आणखी कोणत्या लायब्ररींवर उभी आहे तेही तपासा. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या दोन वाटांनी आल्या, तर लायब्ररी गोळा करणाऱ्या साधनांपैकी ग्रेडल सहसा त्यांतली नवी निवडते, मेव्हन अवलंबनांच्या झाडात जी जवळ असेल ती घेते आणि एनपीएम दोन्ही ठेवू शकते. ही निवड आपल्या नकळत होते, आणि बिघाड पुष्कळदा तेथूनच येतो.

अगदी लहान कोडसाठी मात्र लायब्ररी करूच नये. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले, तेव्हा जगभर असंख्य प्रकल्पांचे बिल्ड (कोडपासून चालते सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम) अडकले होते. मजकुराच्या डावीकडे जागा भरण्याचे ते फंक्शन कोणीही काही मिनिटांत स्वतः लिहू शकला असता.

प्रश्न: एकदा लिहिलेला आणि तपासलेला कोड पुन्हा लिहू नये, असे आम्हाला शिकवले जाते. तपासलेला कोड दुसऱ्या ठिकाणी वापरल्याने नुकसान कसे होऊ शकते? (एक विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर: आपल्याला शिकवलेले चुकीचे नाही. पण कोणताही कोड काही गृहीतांवर तपासलेला असतो, आणि कोड दुसरीकडे नेताना ती गृहीते पुष्कळदा मागेच राहतात. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानामधील कुरू येथून एरियान ५ या रॉकेटचे पहिले उड्डाण झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील कोड एरियान ४ मधून घेतला होता आणि तेथे तो उत्तम चालला होता. त्या कोडमध्ये आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान ४ च्या मार्गात ती मर्यादा ओलांडली जाणे शक्यच नव्हते, म्हणून तेथे संरक्षण ठेवले नव्हते; एरियान ५ चा आडवा वेग मात्र पाचपट झपाट्याने वाढत होता. मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी संख्या मावेनाशी झाली आणि ती यंत्रणा बंद पडली. राखीव संगणकावर तोच कोड होता, त्यामुळे तो त्याच कारणाने आधीच, ७२ मिलिसेकंद अगोदर, बंद पडला होता.

यात मन खिन्न करणारे दोन तपशील आहेत. गणिताचा तो भाग उड्डाणापूर्वीच्या जुळवणीसाठी होता आणि एरियान ५ ला रॉकेट सुटल्यानंतर त्याचा काही उपयोग नव्हता. जुन्या रॉकेटच्या एका गरजेमुळे तो सुमारे ४० सेकंद चालू राहत असे आणि ती गरज संपल्यावरही तसाच सोबत आला. दुसरा तपशील डेटाचा आहे. बंद पडलेल्या यंत्रणेने त्रुटीची माहिती पाठवली, आणि ती वाचणाऱ्या मुख्य संगणकाने तिला उड्डाणाचे खरे आकडे समजून नोझल (इंजिनाचे झोत सोडणारे तोंड) एका बाजूला पूर्ण वळवले. रॉकेट फुटले आणि त्यावरचे क्लस्टर मोहिमेचे चारही उपग्रह नष्ट झाले. ‘हा आकडा आहे’ आणि ‘ही त्रुटी आहे’ यांतला फरक देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी ठरवलेला नव्हता.

आपल्या प्रकल्पात दुसऱ्याचे फंक्शन घेताना ते कोणत्या मर्यादेतले आकडे स्वीकारते, उत्तर देता आले नाही तर काय परत करते आणि ते मुळात कशासाठी लिहिले होते, या तीन गोष्टी त्याच्या वर टिपणीत लिहा. मग त्या मर्यादेबाहेरचा एक आकडा मुद्दाम देऊन पाहणारी चाचणी लिहा आणि ती कोडसोबतच ठेवा, म्हणजे आपल्यानंतर तो कोड उचलणाऱ्यालाही ती मिळेल.